मंगळावरची खसखस आणि बिबट्याचे ठिपके

खाडीकाठच्या खारफुटीत उतरलात की पाय घोट्यापर्यंत चिखलात जातो आणि ओढून काढताना खालचा काळाकुट्ट गाळ वर येतो. सोबत सडक्या अंड्यांचा वास. नाक दाबून आपण पुढे जातो, पण त्या वासामागे अब्जावधी वर्षं चालत आलेला एक उद्योग आहे.

आपण जेवतो, त्या अन्नातले इलेक्ट्रॉन शेवटी श्वासातल्या ऑक्सिजनला देतो. श्वास म्हणजे रसायनशास्त्राच्या हिशेबात एवढंच. चिखलाच्या पोटात ऑक्सिजन पोहोचत नाही. तिथले सूक्ष्मजीव मग जे हाताशी असेल त्याच्या गळ्यात इलेक्ट्रॉन घालतात. कुणी गंजातल्या लोहाला देतं, कुणी समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटला. सल्फेटचा हायड्रोजन सल्फाइड झाला की तो घाण वास येतो, आणि तो लोहाला भेटला की काळी लोह-सल्फाइडं तयार होतात. म्हणून तो गाळ काळा.

हे सगळं सांगायचं कारण २०२४ च्या जुलैमध्ये मंगळावर सापडलेला एक दगड. नासाचा पर्सिव्हरन्स रोव्हर २०२१ च्या फेब्रुवारीत जेझेरो विवरात उतरला. हे विवर सुमारे ४५ किलोमीटर रुंद आहे आणि साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी तिथे तळं होतं. त्या तळ्याला पाणी पुरवणाऱ्या नदीची कोरडी दरी म्हणजे नेरेत्वा व्हॅलिस. तिच्या काठावर रोव्हरला एक लालसर चपटा दगड दिसला, साधारण एक मीटर लांब. त्याला नाव मिळालं चेयावा फॉल्स, अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमधल्या एका धबधब्यावरून. दगड म्हणजे खरं तर घट्ट झालेला जुना चिखल. त्यावर मिलिमीटरभर आकाराचे फिकट ठिपके, प्रत्येकाला गडद कड. शास्त्रज्ञांनी त्यांना बिबट्याचे ठिपके म्हटलं, आणि त्याहून बारीक काळ्या कणांना खसखस.

रोव्हरच्या हातावर क्ष-किरणांचं एक उपकरण आहे. केसाएवढा बारीक झोत दगडावर एकेका बिंदूवर टाकत ते कुठे कोणतं मूलद्रव्य आहे याचा नकाशा काढतं. त्या नकाशात गडद कडांमध्ये लोह आणि फॉस्फरस सोबत दिसले, म्हणजे बहुधा विव्हियानाइट हे खनिज. ठिपक्याच्या मध्यभागी लोह आणि गंधक, म्हणजे बहुधा ग्रेगाइट, एक लोह-सल्फाइड. दगडात सेंद्रिय कार्बनही सापडला. पृथ्वीवर विव्हियानाइट दिसतं तळ्यांच्या गाळात, दलदलीत, कधी पुरलेल्या हाडांवर, थोडक्यात जिथे काहीतरी कुजत असतं तिथे. ग्रेगाइटसुद्धा आपल्या त्या काळ्या चिखलाच्या नात्यातलं. ठिपक्यांचा रंग फिका का, याचंही उत्तर यातच आहे: मंगळाचा लाल रंग गंजाचा आणि गंजातल्या लोहाला इलेक्ट्रॉन मिळाले की लाली उडते.

म्हणजे सेंद्रिय कार्बनच्या रूपात अन्न होतं, इलेक्ट्रॉन घेणारं लोह आणि सल्फेट होतं, आणि घेतल्याच्या खुणाही आहेत. जेवणारं कुणी होतं का?

इथे १९७६ आठवावं लागतं. त्या वर्षी दोन व्हायकिंग यानं मंगळावर उतरली. एका प्रयोगात मातीवर किरणोत्सारी कार्बन मिसळलेलं पोषक द्रव शिंपडलं. कुणी ते खाल्लं तर किरणोत्सारी वायू बाहेर पडेल, असा साधा विचार. वायू बाहेर पडला! माती आधी १६० अंशांना तापवून घेतली तर पडला नाही, जिवंत गोष्ट मेल्यावर व्हावं तसं. प्रयोगाचे जनक गिल्बर्ट लेव्हिन शेवटपर्यंत म्हणत राहिले, आम्हाला जीव सापडला होता. पण शेजारच्या उपकरणाला त्याच मातीत सेंद्रिय पदार्थ सापडेनात. माती भाजल्यावर क्लोरिनयुक्त काही संयुगं तेवढी मिळाली, ती पृथ्वीवर उपकरण धुताना वापरलेल्या द्रवाची असणार म्हणून बाजूला ठेवली गेली.

बत्तीस वर्षांनी, २००८ मध्ये, फीनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट हे क्लोरिनयुक्त रसायन मिळालं. हे आपल्या फटाक्यांत असतं, तापलं की ऑक्सिजन सोडतं आणि आसपासचं सेंद्रिय द्रव्य जाळून टाकतं. मग २०१० मध्ये काही संशोधकांनी चिलीच्या अटाकामा वाळवंटातल्या मातीत परक्लोरेट मिसळून ती भाजली, तर तीच क्लोरिनची संयुगं निघाली. व्हायकिंगने बहुधा जे शोधायचं तेच भट्टीत जाळलं होतं. परक्लोरेटमुळे जीव सिद्ध झाला नाही, फक्त नकारही डळमळला. माझ्या मते व्हायकिंगची चूक प्रयोगात नव्हती, क्रमात होती: माती काय आहे हे कळण्याआधी तिला 'जिवंत आहेस का' विचारलं. नंतरच्या रोव्हरांनी तो क्रम उलटा केला, आधी पाणी, मग खनिजं, मग सेंद्रिय रेणू. म्हणून पन्नास वर्षं गेली, आणि ती वाया गेली असं मला वाटत नाही.

चेयावा फॉल्सबाबतही तोच सावध सूर. सप्टेंबर २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या शोधनिबंधात याला 'संभाव्य जैवखूण', म्हणजे जिवाची शक्य असलेली खूण, म्हटलं आहे, त्यातला पहिला शब्द महत्त्वाचा. जिवाशिवाय सल्फेटचं सल्फाइड व्हायला सहसा शंभराहून बऱ्याच जास्त अंशांचं तापमान लागतं आणि हा दगड तसा तापल्याच्या खुणा दिसत नाहीत. इथवर बाजू जिवाची. पण गंजातल्या लोहाला इलेक्ट्रॉन देण्याचं काम काही सेंद्रिय रेणू कमी तापमानातही, कुणाच्या मदतीशिवाय करू शकतात. रोव्हरला या दोहोंतला फरक सांगता येत नाही.

पृथ्वीवरची प्रयोगशाळा सांगू शकेल, निदान बरंच जवळ जाईल. सूक्ष्मजीव आळशी असतात, गंधकाच्या समस्थानिकांमधलं, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंमधलं, हलकं ते आधी उचलतात. त्यामुळे त्यांनी बनवलेल्या सल्फाइडमध्ये हलक्या गंधकाचं प्रमाण वाढलेलं मिळतं. हा हिशेब मांडणारी यंत्रं खोलीभर असतात, सुमारे टनभराच्या रोव्हरवर ती चढवणं अवघड. म्हणून पर्सिव्हरन्सने २१ जुलै २०२४ ला या दगडाचा गाभा भोक पाडून काढला, शाळेतल्या खडूपेक्षा थोडा जाड, आणि नळीत सीलबंद केला. त्याचं नाव सफायर कॅन्यन.

नळी आणायची कुणी, इथे घोडं अडलंय. नासा आणि युरोपीय अवकाश संस्थेच्या जुन्या योजनेचा अंदाज ११ अब्ज डॉलरपर्यंत गेला आणि नमुने २०४० च्या आधी येणार नाहीत असं दिसलं, तेव्हा २०२४ मध्ये नासानेच हे परवडणारं नाही असं जाहीर केलं. चीनची थ्येनवेन-३ मोहीम २०२८ च्या सुमाराला निघून नमुने आणायचा बेत करते आहे, पण ती आपली माती आपण खणणार, जेझेरोतल्या नळ्यांकडे ती जाणार नाही. युरोपचा रोझालिंड फ्रँकलिन रोव्हर दोन मीटर खोल भोक पाडणार आहे, जिथे किरणोत्साराचा मारा कमी असतो, तोही दुसऱ्याच ठिकाणी.

तोवर सफायर कॅन्यनची नळी पृथ्वीवरून येणाऱ्या गाडीची वाट बघते आहे.