जुळ्या बहिणी आणि केमोचं धुकं

दूध गॅसवर ठेवून विसरणं, ओळखीच्या माणसाचं नाव ऐनवेळी न आठवणं, एकच परिच्छेद तीनदा वाचावा लागणं. केमोथेरपी घेतलेले रुग्ण वर्षानुवर्षं हे सांगत आले आणि ‘टेन्शन घेऊ नका, थकवा आहे’ एवढं ऐकून घरी परतले. इंग्रजीत याला ‘केमो ब्रेन’ म्हणतात.

२००७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ६० वर्षांच्या एकसारख्या जुळ्या बहिणींची तपासणी प्रसिद्ध केली. एकीनं स्तनाच्या कर्करोगासाठी केमो घेतलेली, दुसरीला कर्करोग झालेलाच नव्हता. स्मरणशक्तीच्या चाचण्यांत दोघींत किरकोळ फरक. तक्रारी मात्र पहिलीच्याच खूप जास्त. मग ती उगाच कुरकुरत होती का? एमआरआयमध्ये तिच्या मेंदूच्या पांढऱ्या भागात, म्हणजे चेतातंतूंच्या जाळ्यात, जास्त ठिपके दिसले. शिवाय फंक्शनल एमआरआयमध्ये, म्हणजे कुठल्या भागात ऑक्सिजनयुक्त रक्ताचा ओघ वाढतो ते टिपणाऱ्या तपासणीत, त्याच कामासाठी तिच्या मेंदूचा मोठा भाग राबताना दिसला. पेपर दोघींनी सोडवला, पण एकीचा घाम जास्त गळला.

अर्थात एका जोडीवरून निष्कर्ष काढता येत नाही. त्यातून कर्करोग, काळजी, हार्मोनच्या गोळ्या यांचाही मेंदूवर परिणाम होऊ शकतो. म्हणून केमोच्या आधीचाही स्कॅन हवा. अमेरिकेतल्याच एका गटानं २०१० मध्ये तसा अभ्यास मांडला. केमो संपल्यावर महिन्याभरात मेंदूच्या पुढच्या भागासह काही ठिकाणी करड्या भागाची, म्हणजे चेतापेशींच्या थराची, घनता घटली होती. वर्षभरानं ती काही जागी सावरली, काही जागी नाही. केमो न घेतलेल्यांत अशी घट आढळली नाही.

बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या संशोधकांनी एमआरआयनंच मेंदूतल्या पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजली. निरोगी चेतातंतूंच्या जुडीत पाणी उसाच्या सरीतून वाहावं तसं प्रामुख्यानं तंतूंच्या दिशेनं सरकतं. केमोनंतर हा एकदिशी ओढा कमी झाला होता. तंतूंवरचं मायलिनचं वेष्टण बिघडलं तर असं होऊ शकतं. उंदरांवरच्या प्रयोगांत फ्लोरोयुरॅसिल या केमोच्या औषधानं मायलिनचं नुकसान झालेलं दिसलंही आहे.

हे सगळे फरक गटांच्या सरासरीतले, संगणकानं मोजून काढलेले. त्यामुळे एखादीच्या हातात ‘एमआरआय नॉर्मल’ असा रिपोर्ट आला, तरी तेवढ्यानं तिची तक्रार खोटी ठरत नाही.