मर्डर्ड : सोल सस्पेक्ट

मृत पोलीस गुप्तहेर स्वतःच्याच खुनाचा तपास करतो, या कल्पनेवर बेतलेला भयप्रधान साहसी व्हिडिओ गेम. एअरटाइट गेम्स या अमेरिकी स्टुडिओने तो घडवला आणि स्क्वेअर एनिक्सने जून २०१४ मध्ये विंडोज, प्लेस्टेशन ३ व ४, एक्सबॉक्स ३६० आणि एक्सबॉक्स वन यांसाठी प्रकाशित केला. कल्पना अस्सल, पण तपासाची बांधणी कच्ची, म्हणून गुप्तहेरी आणि भय एकत्र आणणाऱ्या खेळांच्या अभ्यासात त्याचा विचार आवश्यक ठरतो.

कथानक मॅसॅच्युसेट्स राज्यातील सेलम गावात घडते. १६९२ च्या चेटूक-खटल्यांत येथे १९ जणांना फाशी दिली गेली. नायक रोनन ओकॉनर ‘बेल किलर’ या खुन्याचा पाठलाग करताना मारला जातो. त्याच्या भुताच्या छातीवर गोळ्यांच्या खुणा शेवटपर्यंत धगधगत राहतात. आत्मे दिसणारी जॉय ही मुलगी त्याची सोबतीण.

गुप्तहेरी आणि भय यांची सांगड प्रथम केव्हा पडली, हे व्याख्येवर ठरते. ‘मिस्टरी हाउस’ या संगणकीय खेळामध्ये (१९८०) घरात एकामागून एक खून पडतात, पण पुरावा पारखण्याची पद्धत त्यात फारशी नाही. इन्फोकॉम या कंपनीच्या ‘डेडलाइन’मध्ये (१९८२) बारा तासांची मुदत आणि साक्षीदारांची उलटतपासणी आहे, भय नाही. यूजी होरी यांचा ‘पोर्टोपिया’ (१९८३) याच वळणाचा. ‘अलोन इन द डार्क’चा (१९९२) नायक एडवर्ड कार्नबी पेशाने खाजगी गुप्तहेर आहे, म्हणून आरंभाचा मान अनेकदा त्या खेळाला दिला जातो, मात्र त्यात खेळाडूचा बहुतेक वेळ जीव वाचवण्यात आणि कोडी सोडवण्यात जातो. त्यापेक्षा जेन जेन्सन यांचा ‘गेब्रिएल नाइट : सिन्स ऑफ द फादर्स’ (१९९३) धरणे अधिक सयुक्तिक दिसते. न्यू ऑर्लिन्समधील व्हूडू या गूढ धार्मिक पंथाशी जोडलेल्या खुनांची चौकशी जसजशी खोल जाते तसतसे भय वाढते. चौकशी आणि भय दोन्ही एकाच धाग्याने बांधलेली आहेत. प्रस्तुत खेळात हा धागा तुटतो.

तपासाची पद्धत अशी : घटनास्थळी शिरताच तेथे किती धागेदोरे आहेत आणि किती सापडले याचा आकडा पडद्यावर येतो. वस्तूजवळ जाऊन बटण दाबले की ती नोंदली जाते. काही जागी भूतकाळाचा अवशेष उरलेला असतो. तो उघड केल्यावर त्यातील व्यक्ती काय करत होती हे दिलेल्या शब्दांतून निवडायचे असते. साक्षीदाराच्या अंगात शिरून त्याचे विचार ऐकता येतात, त्याच्या डोळ्यांनी पाहता येते, किंवा योग्य धागा पुढे करून त्याची आठवण जागी करता येते. शेवटी एक प्रश्न येतो व त्याच्याशी सर्वांत संबद्ध धागे निवडावे लागतात. सुरुवातीला तीन बिल्ले असतात. चुकीच्या निवडीला एक कमी होतो. बिल्ले गेल्याने कथेत काहीच बदलत नाही. संशयित निसटत नाही, साक्षीदार गप्प होत नाही, चुकीचा निष्कर्ष नोंदला जात नाही. त्यामुळे उरलेले पर्याय एकेक करून दाबले तरी प्रकरण सुटते. शिवाय सर्व धागे गोळा न करताही निष्कर्ष काढता येत असल्याने बारकाईने पाहणाऱ्याला वेगळे फळ मिळत नाही. खेळाचा मुख्य दोष हाच, आणि तो दुरुस्त होण्याजोगा होता.

भुताच्या हालचालीचे नियम मात्र विचारपूर्वक केलेले आहेत. आतल्या भिंतींतून आरपार जाता येते; पण गावातील इमारती पवित्र केलेल्या असल्याने बाहेरच्या भिंती अडवतात आणि उघडे दार किंवा खिडकी शोधावी लागते. जुन्या सेलमचे भुताटकी अवशेषही वाट रोखतात. मांजराच्या अंगात शिरले की अरुंद जागांतून जाता येते.

भयाचा भार पिशाच्चांवर आहे. त्यांच्या मागे लपतछपत जाऊन, पडद्यावर दाखवलेली बटणे वेळेत दाबली तर ती नष्ट होतात. चुकल्यास ती सावध होतात आणि एका लपणजागेतून दुसरीत उडी घेत सुटका करावी लागते. पहिल्या भेटीत धडकी भरते. पण त्यांचा तपासाशी काहीच संबंध नसल्याने पुढे ती दोन प्रकरणांमधली अडगळ वाटू लागतात.

अडकून पडलेल्या इतर आत्म्यांची छोटी प्रकरणे मुख्य कथेपेक्षा सरस आहेत : आपला मृत्यू कसा झाला एवढेच त्यांना कळायला हवे असते, आणि तेवढे शोधून देण्यात खरा तपास घडतो. अशी प्रकरणे मोजकीच आहेत.

समीक्षकांचा प्रतिसाद संमिश्र राहिला. सेलमचे वातावरण वाखाणले गेले, तपासाच्या सोपेपणावर टीका झाली. प्रकाशनानंतर महिन्याभरातच, जुलै २०१४ मध्ये, एअरटाइट गेम्स बंद झाली.