घरच्या शूटिंगमध्ये सगळे हसतच का असतात

पर्सनल डॉक्युमेंटरीत, म्हणजे दिग्दर्शकाने स्वतःच्याच आयुष्यावर, घरच्यांवर केलेल्या फिल्ममध्ये, घरचं जुनं फुटेज आलं की एक गोष्ट हमखास दिसते, सगळे हसतायत. तेव्हा माणसं फार सुखी होती असं काही नाही हो, रीळ महाग होतं!

तसं घरगुती शूटिंग सिनेमाइतकंच जुनं. १८९५ साली ल्युमिएर बंधूंनी दाखवलेल्या पहिल्याच फिल्म्समध्ये एक आहे, दोघांपैकी ओग्यूस्त आणि त्याची बायको तान्ह्या मुलीला भरवतायत. पण हौशी लोकांच्या हातात कॅमेरा खरा आला तो १९२३ला, कोडॅकने १६ एमएम (म्हणजे १६ मिलिमीटर रुंदीची फिल्म) आणली आणि फिल्मही अशी की सहजासहजी पेट घेणार नाही, मग १९३२ला त्याहून स्वस्त ८ एमएम आणि १९६५ला सुपर ८. आता सुपर ८चं एक कार्ट्रिज म्हणजे ५० फूट, सेकंदाला १८ फ्रेमच्या स्पीडने बरोबर ३ मिनिटं २० सेकंद. एवढ्यात घरातलं भांडण कोण शूट करणार? वाढदिवस, समुद्र, लग्न, संपलं. आवाजही बहुतेक वेळा नाहीच. आणि ज्याच्या हातात कॅमेरा तो फ्रेममधून कायमचा गायब.

याच गाळलेल्या जागांवर पुढे काम झालं. हंगेरीचा दिग्दर्शक पेतर फोर्गाच याने १९८३ला बुडापेस्टमध्ये लोकांच्या घरची रिळं जमवायला सुरुवात केली. त्याच्या १९९७च्या फिल्ममध्ये एक डच ज्यू कुटुंब आहे, १९४२ साल, घरची मंडळी टेबलाभोवती बसून प्रवासासाठी कपडे शिवतायत, बस, एवढंच. जायचंय आउशवित्झला, नाझींच्या मृत्युछावणीत, हे आपल्याला माहितीय, त्यांना नाही.

मग व्हिडिओ आला, कॅसेट तासभर चालणारी आणि पुसून परत वापरता येणारी, त्यामुळे रडारड, आरडाओरडा, सगळंच रेकॉर्ड व्हायला लागलं. २००३ला जोनाथन काओएट या दिग्दर्शकाने स्वतःचं लहानपणापासूनचं असलं फुटेज आयमूव्ही या साध्या एडिटिंग सॉफ्टवेअरवर जोडून अख्खी फिल्म काढली, खर्च सांगितला जातो सुमारे २१८ डॉलर (फेस्टिव्हल, रिलीजचा खर्च वेगळा, ते कोणी सांगत नाही).

आणि २०१२ला दिग्दर्शिका सारा पॉलीने स्वतःच्या घरच्यांवरच्या फिल्ममध्ये तर कमालच केली. तिच्या आईच्या सुपर ८ क्लिप्स आपण अगदी भाबडेपणाने बघत राहतो, रंग थोडे उडालेले, कॅमेरा हलतोय, म्हणजे खरंच असणार ना, आणि शेवटाकडे सारा स्वतःच सेटवर उभी राहून त्या ‘आई’ला, म्हणजे आईचं काम करणाऱ्या नटीला, सूचना देताना दिसते.