पॉइंटर आणि मेमरी (सी भाषा)

पॉइंटर : दुसऱ्या व्हेरिएबलचा (मूल्य ठेवण्यासाठी नाव दिलेल्या जागेचा) मेमरीतील पत्ता साठवणारे व्हेरिएबल. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये घडवलेल्या सी भाषेचा हा कणा आहे. नागपुरात अभियांत्रिकीच्या पहिल्याच वर्षी तो भेटतो आणि अनेकांना तिथेच अडवतो.

वर्धा रोडवरच्या दगडावर ‘नागपूर ४०’ कोरलेले असते. तो दगड म्हणजे नागपूर नव्हे, पण तोही थोडी जमीन अडवतो. आणि दगड रोवला म्हणून गाव वसत नाही. ‘इंट *पी;’ (पूर्णांकाचा, म्हणजे इंटचा, पत्ता ठेवणारा पी हा पॉइंटर) लिहिल्यावर नेमके हेच घडते. आजच्या ६४ बिट संगणकावर पीसाठी ८ बाइट राखले जातात, मात्र तो ज्या पूर्णांकाकडे बोट दाखवणार, त्याच्यासाठी एकही नाही. पत्ता न देता ‘*पी = १०’ लिहिणे म्हणूनच चूक. असा प्रोग्रॅम कधी बंद पडतो, कधी चालल्यासारखा दिसतो. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण लॅबमध्ये उत्तर बरोबर येते आणि चूक तशीच राहते.

टर्बो सी या जुन्या कम्पायलरमध्ये (सीचा प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या साधनात) इंट २ बाइटचा असे. आज तो बहुधा ४ बाइटचा असतो. पीमध्ये १००० हा पत्ता असेल, तर पी + १ म्हणजे १००१ नव्हे, १००४, कारण पॉइंटर एका बाइटने नव्हे, एका पूर्ण इंटने पुढे सरकतो.

पॉइंटर आणि तो दाखवतो ती जागा यांतला फरक मजकुरात अधिक स्पष्ट होतो. कॅर (१ बाइटच्या) प्रकारच्या ॲरेमध्ये, म्हणजे सलग जागांच्या रांगेत, देवनागरीत ‘नागपूर’ साठवले, तर यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ६ चिन्हांचे प्रत्येकी ३ याप्रमाणे १८ आणि मजकूर संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्याचा १, असे १९ बाइट लागतात. रोमन लिपीत ७ पुरतात. ॲरेऐवजी पॉइंटर घेतला, तर मजकुराची जागा वेगळी आणि पॉइंटरचे ८ बाइट वेगळे. शिवाय तो मजकूर बदलण्याची मुभा नसते. ॲरे फंक्शनला (प्रोग्रॅममधील ठरावीक काम करणाऱ्या भागाला) दिला की आत केवळ पत्ता पोहोचतो, म्हणून तिथे किती बाइट ते सांगणारा साइझऑफ १९ ऐवजी ८ सांगतो.

चालू प्रोग्रॅममध्ये जागा हवी असल्यास मॅलॉक हे फंक्शन हीपमधून (मागणीनुसार जागा देणाऱ्या मेमरीच्या भागातून) ती देते. जागा शिल्लक नसल्यास नल, म्हणजे कुठेही बोट न दाखवणारा पॉइंटर, परत येतो. ती जागा काम झाल्यावर फ्री या फंक्शनने सोडावी लागते. फ्रीनंतरही पॉइंटरमध्ये बहुधा जुनाच पत्ता दिसत राहतो, पण तो वापरण्याचा हक्क संपलेला असतो. फंक्शनमधील स्थानिक व्हेरिएबलचा पत्ता बाहेर परत पाठवला, तरी हीच गत होते.