पोहणाऱ्याचा नकाशा

१९२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये हंगेरीच्या आल्फ्रेद हायोशला रौप्यपदक मिळालं, ते स्टेडियमच्या आराखड्याबद्दल. देझो लाउबर हा त्यात त्याचा जोडीदार. पण ऑलिम्पिकला हायोश नवखा नव्हता. १८९६ साली, बुडापेस्टमध्ये वास्तुकला शिकत असताना, अठराव्या वर्षी तो अथेन्सला पोहायला गेला होता. तेव्हा शर्यतीला तलाव कुठला? पिरेयसजवळचा समुद्र, आणि तोही एप्रिलमधला, गारठलेला. १२०० मीटरच्या स्पर्धकांना होडीतून आत नेऊन सोडलं. पोहत किनारा गाठायचा. हायोशने अंगाला चरबी चोपडली आणि १०० व १२०० मीटर या दोन्ही शर्यती मारल्या. गंमत म्हणजे त्या वर्षी पहिल्या क्रमांकालाही रौप्यपदकच देत.

ऑलिम्पिकमध्ये खेळांबरोबर कलेलाही पदकं देणाऱ्या या कलास्पर्धांची कल्पना आधुनिक ऑलिम्पिकचे जनक पियरे द कुबर्तँ यांची. १९०६मध्ये पॅरिसला बैठक घेऊन त्यांनी ती मांडली. वास्तुकला, साहित्य, संगीत, चित्र, शिल्प असे पाच विभाग. अट एकच, कलाकृतीचा संबंध खेळाशी हवा. १९१२ला स्टॉकहोममध्ये त्या सुरू झाल्या. साहित्याचं सुवर्ण ज्या कवितेला मिळालं, ती टोपणनावाने खुद्द कुबर्तँ यांनीच धाडलेली होती!

वास्तुकलेचे परीक्षक हाताने आखडते. १९२०ला अँटवर्पमध्ये सुवर्ण दिलंच नाही, १९२४लाही नाही. म्हणजे हायोशचं रौप्य याही खेपेला पहिल्या नंबराचंच. १९२८ला मात्र यान विल्सला सुवर्ण मिळालं ते अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिम्पिक स्टेडियमसाठी. तिथेच खेळ चालले होते. भारताने हॉकीचं पहिलं सुवर्ण जिंकलं तेही याच मैदानावर, यजमान हॉलंडला ३-० हरवून. त्याच वर्षी नगररचनेचा वेगळा विभागही निघाला.

खाशाबा जाधव १९४८ला लंडनला जाऊन सहावे आले, त्या ऑलिम्पिकमध्ये या स्पर्धा शेवटच्या झाल्या. अडचण हौशीपणाच्या नियमाची होती. खेळाडूने पैसे घेतले की तो बाद, आणि वास्तुविशारद तर पोटासाठीच नकाशे काढणार. तेव्हा १९५२च्या हेल्सिंकीत, जिथे खाशाबांनी कांस्य आणलं, कलेला पदकं उरली नव्हती. आता कलेची जुनी पदकंही देशांच्या अधिकृत तक्त्यात धरत नाहीत.

हायोशचं ते रौप्यही त्यात गेलं. बुडापेस्टच्या मार्गारेट बेटावर त्याने १९३०मध्ये उभारलेलं जलतरण संकुल मात्र अजून वापरात आहे, आणि ते त्याच्याच नावाने ओळखलं जातं.