कडब्याची ऊब, बर्फाची ऊब

हरभऱ्याला घाटे धरले की आमच्या भागात जागल सुरू होते. गव्हाचं ओलितही बहुतेक रात्रीच, कारण दिवसा लाइनीचा भरवसा नसतो. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. तसल्या थंडीत ज्याने मचाणावर रात्र काढली, त्याला ऊब कशात असते हे सांगावं लागत नाही. पांघरूण एकच असलं तरी निभतं, पण अंगाखाली कडबा हातभर हवा आणि वाऱ्याच्या अंगाला पऱ्हाट्यांचा कूड हवा.

सुटीवर आलेला गावातला एक फौजी पारावर बसून बर्फात रात्र काढण्याच्या प्रशिक्षणाबद्दल सांगत होता. बर्फ कोरून आत झोपायचं, हे ऐकून एका म्हाताऱ्याने विचारलं, "म्हंजे फ्रिजात झोपनंच झालं न बापू?" तो म्हणाला, "नाई बाबाजी, कडब्याच्या गंजीत झोपनं झालं."

उत्तर नेमकं होतं. कडबा स्वतः गरम नसतो. त्याच्या पोकळ्यांत हवा अडकते, ती हलत नाही, म्हणून अंगाची ऊब बाहेर जात नाही. ताज्या भुरभुरीत बर्फात दहापैकी नऊ भाग हवाच असते. आपला घोटाळा शब्दामुळे होतो. कारखान्यातली लादी आणि आभाळातून पडलेला कापूस, दोन्हींना आपण बर्फच म्हणतो. लादीतून उष्णता झपाट्याने वाहून जाते, तर या कापसातून फार हळू. स्वस्थ पडलेला माणूस साधारण जुन्या शंभराच्या बल्बएवढी उष्णता देतो. जागा लहान आणि वारा बंद असला की तेवढ्यावरही काम भागतं.

हे तंत्र सगळ्यात पुढे नेलं ते उत्तर कॅनडाच्या इनुइट लोकांनी. त्यांच्या भाषेत 'इग्लू' म्हणजे नुसतं घर, मग ते दगडमातीचं का असेना. ग्रीनलंडच्या बऱ्याच भागात आणि अलास्कात लोक माती, दगड, वाहून आलेली लाकडं, देवमाशाची हाडं यांचीच घरं बांधत. बर्फाचं घर तिकडे फार तर प्रवासात एखाद्या मुक्कामापुरतं. मध्य आर्क्टिकमध्ये मात्र आख्खा हिवाळा त्यात निघे. हाडाच्या किंवा शिंगाच्या लांब सुरीने वाऱ्याने घट्ट दाबलेल्या बर्फाचे ठोकळे कापायचे. पहिला थर तिरपा छाटायचा, म्हणजे पुढचे ठोकळे गोल जिन्यासारखे चढत जातात आणि आतल्या बाजूला कलतात. त्यामुळे खालून टेकू लागत नाही. आकार उलट्या टोपल्यापेक्षा जरा उभट ठेवायचा, नाहीतर घुमट पोटात बसतो. दार जमिनीलगत, झोपायचा ओटा उंच. गार हवा जड, ती खाली दाराच्या भुयारात साचते. ओट्यावर सीलच्या चरबीचा दगडी दिवा असतो. बाहेर उणे चाळीस असताना आत पाणी गोठत नाही एवढी ऊब राहू शकते. कुठे कुठे आतून कातडी टांगत, म्हणजे भिंत न वितळता आतली हवा आणखी उबदार करता येई.

गोऱ्या प्रवाशांना हे पटायला फार वेळ लागला. ब्रिटिश आरमारी तुकड्या तंबू ओढत नेत. श्वासाची वाफ कापडावर गोठायची आणि तंबू दिवसागणिक जड व्हायचा. कॅनडात कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीचा डॉक्टर जॉन रे वेगळा निघाला. त्याने इनुइटांकडून घर बांधायला शिकून घेतलं आणि १८५३-५४ चा हिवाळा उत्तर कॅनडातल्या रिपल्स बे इथे बर्फाच्या घरांत काढला. आर्क्टिकमधून समुद्री वाट शोधायला १८४५ मध्ये निघालेली फ्रँकलिनची ब्रिटिश मोहीम १२९ माणसांसह संपल्याची बातमीही त्यानेच इनुइटांकडून ऐकून १८५४ साली आणली. लंडनला ती आवडली नाही. मला त्या शतकातलं सगळ्यात शहाणं काम रे याचंच वाटतं.

अडीअडचणीतल्या आसऱ्याचं ठळक उदाहरण मात्र दक्षिणेकडचं. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या ब्रिटिश कप्तान स्कॉटच्या मोहिमेतली सहा जणांची उत्तरेची तुकडी, प्रमुख व्हिक्टर कॅम्पबेल, समुद्र गोठून जहाज न आल्यामुळे अंटार्क्टिकात अडकली. त्यांनी बर्फाच्या ढिगात सुमारे बारा फूट बाय नऊ फुटांची गुहा कोरली. उंची साडेपाच फूट, म्हणजे ताठ उभं राहायची सोय नाही. सील आणि पेंग्विन खाऊन, चरबी जाळून, काजळीने काळे होत त्यांनी सप्टेंबरअखेरपर्यंत दिवस काढले. एकदा वादळाने तोंड बुजलं आणि आतले दिवे मंद होत विझले. हवा संपत आल्याची खूण तीच. शेवटी सहाही जण चालत मुख्य तळावर पोचले.

ही विझणाऱ्या दिव्याची गोष्ट प्रशिक्षणात आजही महत्त्वाची. छताला मुठीएवढं भोक ठेवायचं आणि ते काठीने मोकळं करत राहायचं. आत चूल पेटवली तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला ना वास ना रंग. खोली बंद करून कोळशाची शेगडी घेऊन झोपलेल्यांच्या बातम्या आपल्याकडे दर हिवाळ्यात येतात, तोच हा प्रकार.

कॅनडाच्या जंगलपट्ट्यातली सोपी पद्धत शिकाऊ माणसाला बरी. भुसभुशीत बर्फाचा ढीग घालायचा, एक-दोन तास जमू द्यायचा, मग पोखरायचा. ढिगात सगळीकडून वीतभराहून थोड्या लांब काड्या खोचून ठेवायच्या. आतून काडीचं टोक दिसलं की तिथे खोदणं बंद. घाम येईल असं खोदायचं नाही, कारण ओला सदरा रात्री वैरी होतो. वाऱ्याने थंडी किती वाढते याचा हिशेब आपल्या लोकांना अंदाजाने माहीत होता. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल या अमेरिकी संशोधकांनी तो अंटार्क्टिकात पाणी गोठायला लागणारा वेळ मोजून मांडला आणि १९४५ मध्ये प्रसिद्ध केला.

आपल्या लष्कराचं बर्फातलं शिक्षण गुलमर्गला १९४८ च्या स्की शाळेपासून सुरू झालं. १३ एप्रिल १९८४ ला सियाचिनवर सैन्य चढलं. तिथल्या चौक्यांत तयार खोपट्या आणि रॉकेलच्या बुखाऱ्या, म्हणजे शेगड्या, असतात, कोरलेली गुहा फक्त अडकल्यावर. फेब्रुवारी २०१६ मध्ये हिमकडा कोसळून दहा जवान गाडले गेले. लान्स नायक हनुमंतप्पा सहाव्या दिवशी जिवंत सापडले, तेव्हा आमच्या गावात टीव्हीसमोर गर्दी होती. ११ फेब्रुवारीला ते गेले.

पारावर फौज्याने शेवटी सांगितलं की फावडं बाहेर ठेवून झोपत नाहीत, उशाशी घेतात. रात्रीतून बर्फ पडून दार बुजलं तर आतूनच उकरावं लागतं. म्हातारा म्हणाला, "आमी बी कुऱ्हाड उशाशीच ठेवतो, डुकरासाठी."