पाठ टेकल्यानंतरची लढत : रितू फोगाटच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

७ जानेवारी २०२० रोजी पुण्यातील बालेवाडी येथे नाशिक जिल्ह्याकडून खेळणाऱ्या हर्षवर्धन सदगीरने लातूरच्या शैलेश शेळकेवर ३-२ अशी निसटती मात करून महाराष्ट्र केसरीची गदा उचलली, तेव्हा मूळच्या अकोले तालुक्यातील या मल्लाला सुरुवातीला घडवणारी भगूरची बलकवडे व्यायामशाळा काही दिवस नाशिककरांच्या बोलण्याचा विषय झाली होती. त्याच्या ५२ दिवस आधी, १६ नोव्हेंबर २०१९ रोजी, हरियाणाच्या रितू फोगाटने बीजिंगमध्ये मिश्र मार्शल आर्ट्स, म्हणजेच एमएमए, या ठोसे, लाथा आणि कुस्ती सारे चालणाऱ्या प्रकारातील आपली पहिली लढत पहिल्याच फेरीत जिंकली होती. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण तालमीत घाम गाळलेल्या माणसापुढे आता कोणत्या दोन वाटा आहेत, हे त्या एका हंगामाने दाखवून दिले. नाशिकच्या आखाड्यांतील पोरांमध्ये दुसऱ्या वाटेविषयी जे कुतूहल आहे, त्यात एक ठाम समजूतही मिसळलेली असते : पट काढून, म्हणजे पाय धरून, समोरचा खाली आणला की पैलवानाला हरवणार कोण? रितूच्या कारकिर्दीत या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

रितूचा जन्म १९९४ चा, हरियाणातील बलाली गावचा. वडील महावीरसिंह फोगाट यांनी मुलींना मातीत उतरवले, ही कथा आता सर्वांना ठाऊक आहे. थोरली बहीण गीता हिने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात सुवर्णपदक जिंकले आणि त्या स्पर्धेत कुस्तीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. बबिताने २०१४ मध्ये ग्लासगोला तोच गट जिंकला. रितूच्या वाट्याला मात्र ४८ किलोचा गट आला, आणि त्या गटात चुलत बहीण विनेश होती. ग्लासगोचे ४८ किलोचे सुवर्ण विनेशचे, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमधील ४८ किलोची जागाही विनेशचीच. पुढे वजनगट बदलून ५० किलोचा झाला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत त्यात सुवर्ण आणले तेही विनेशने. एकाच घरात, एकाच वजनात, एवढी मोठी मल्ल असताना दुसरीचे नाव मागे राहणे स्वाभाविक होते. रितूने कुस्ती सोडण्याची कारणे शोधताना पैशाकडे बोट दाखवले जाते; मला स्वतःला ही वजनाची अडचणही तितकीच बोलकी वाटते.

तरीही तिची स्वतःची कमाई कमी नव्हती. २०१६ मध्ये सिंगापूरला राष्ट्रकुल कुस्ती अजिंक्यपद स्पर्धेत तिने सुवर्ण जिंकले. त्याच वर्षअखेरीस प्रो रेसलिंग लीगच्या लिलावात जयपूरच्या संघाने तिच्यासाठी ३६ लाख रुपये मोजले. २०१७ मध्ये दिल्लीतील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत कांस्य आणि नोव्हेंबरमध्ये पोलंडमधील बिडगॉश्च येथे २३ वर्षांखालील जागतिक स्पर्धेत रौप्य, असा तो चढता काळ होता. जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत ती तुर्कस्तानच्या एव्हिन देमिरहानकडून हरली. ज्या वयात कुस्तीगीर ऑलिम्पिकची स्वप्ने पाहतो, त्या वयात, २०१९ च्या फेब्रुवारीत, तिने सिंगापूरची वाट धरली.

महाराष्ट्रातील वाचकाला हा निर्णय चटकन उमगत नाही, कारण आपल्याकडे पैलवानाच्या आयुष्याचा एक ठरीव नकाशा आहे. गावच्या जत्रेतील नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात करायची, मग इनामाच्या कुस्त्या, मग तालुका-जिल्हा निवड, मग महाराष्ट्र केसरी. आणि गदा हाती आली की पुढेमागे सरकारी नोकरी. नरसिंग यादव आणि नाशिकला लागूनच असलेल्या जळगाव जिल्ह्यातील विजय चौधरी या दोघांनी प्रत्येकी तीन वेळा महाराष्ट्र केसरी जिंकली आणि दोघेही पोलीस उपअधीक्षक झाले. एमएमए ऑलिम्पिकमध्ये नाही, त्यामुळे त्या नकाशात त्याला जागा नाही. तिथे मिळकत आहे ती लढतीच्या करारातून, आणि दुखापत झाली की ती थांबते. मुलींच्या बाबतीत तर आपला नकाशाही अपुराच होता. महिलांची महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा झाली ती थेट मार्च २०२३ मध्ये, सांगलीला. प्रतीक्षा बागडी तिची पहिली मानकरी.

एमएमएचा आजचा चेहरा घडला तो १९९३ पासून. त्या वर्षीच्या १२ नोव्हेंबरला अमेरिकेतील डेन्व्हर येथे यूएफसी या एमएमए संस्थेची पहिली स्पर्धा भरली आणि ब्राझिलियन जिउजित्सूच्या, म्हणजे जमिनीवरच्या पकडींच्या कलेतील, रॉयस ग्रेसी या सडपातळ लढवय्याने ती जिंकली. कुस्तीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची लढत पुढच्या वर्षीच्या डिसेंबरमधील आहे. यूएफसीच्या चौथ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत डॅन सेव्हर्न हा कसलेला कुस्तीगीर ग्रेसीपुढे उभा राहिला. त्याने ग्रेसीला खाली आणले आणि पंधरा मिनिटांहून अधिक काळ तो वरच होता. आपल्या आखाड्यात पंचांनी केव्हाच निकाल दिला असता, हलगी वाजली असती आणि सेव्हर्न फेटा बांधून घेऊन घरी गेला असता. तिथे मात्र पाठीवर पडलेल्या ग्रेसीने आपल्या पायांचा त्रिकोण करून त्यात सेव्हर्नची मान आणि एक हात अडकवला, आणि वर बसलेल्या माणसाला हार मानावी लागली.

कुस्तीगीरांनी यातून धडा घेतला. सेव्हर्नने चारच महिन्यांनी, एप्रिल १९९५ मध्ये, पाचवी स्पर्धा जिंकली. मार्क कोलमनने खाली आणलेल्या प्रतिस्पर्ध्याला वरून ठोसे मारण्याचे तंत्र रुजवले आणि फेब्रुवारी १९९७ मध्ये तो यूएफसीचा पहिला हेवीवेट विजेता झाला. बीजिंग ऑलिम्पिकमध्ये २००८ साली ५५ किलोचे सुवर्ण जिंकणारा हेन्री सेहुदो पुढे यूएफसीच्या दोन वजनगटांचा विजेता ठरला. कुस्ती हा एमएमएचा सर्वांत भक्कम पाया मानला जातो तो यामुळे. लढत उभ्याने व्हायची की जमिनीवर, हे ठरवण्याचा अधिकार कुस्तीगीराकडे असतो.

पण पायाचा एक कोपरा मुळातच वेगळ्या मापाने बांधलेला आहे. कुस्तीचा सारा कायदा पाठीभोवती फिरतो. दोन्ही खांदे टेकले की चितपट, मग तुम्ही कितीही गुणांनी पुढे असा. म्हणून पैलवानाला लहानपणापासून एकच प्रतिक्षिप्त सवय लागते : पाठ लागू द्यायची नाही. खाली आलाच तर तो पोटावर जातो, हातपाय पसरून घट्ट राहतो आणि समोरच्याला कब्जा घेऊ देऊन घिस्स्याची, म्हणजे वरच्याने पलटवून चीत करण्याच्या डावाची, वाट पाहतो. गादीवर हा बचाव शहाणपणाचा आहे. एमएमएमध्ये हाच बचाव घातक, कारण पाठीमागे आलेला प्रतिस्पर्धी घिस्सा मारत नाही, गळा आवळतो. शिवाय वर असलेल्या पैलवानाला खालच्याच्या पायांची भीती बाळगण्याची सवय नसते. पाय हे कुस्तीत धरण्याचे, अडवण्याचे साधन आहे. खाली पडलेल्याचे पाय तुमच्या मानेपर्यंत येऊ शकतात, हे तालमीत कोणी शिकवत नाही, कारण तिथे त्याची गरज नसते.

रितूने सिंगापूरच्या इव्हॉल्व्ह या केंद्रात सराव सुरू केला आणि वन चॅम्पियनशिप या संस्थेच्या अॅटमवेट गटात ती उतरली. या गटाची वरची मर्यादा ५२.२ किलो आहे. कुस्तीच्या तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांऐवजी इथे पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या. पहिल्या चार लढती तिने ओळीने जिंकल्या : बीजिंगमध्ये दक्षिण कोरियाची नाम ही किम, मग सिंगापूरमध्ये तैवानची वू चियाओ चेन, कंबोडियाची नोउ स्रे पोव्ह आणि फिलिपिन्सची जोमारी टोरेस. चारांपैकी तीन लढती पंचांनी मध्येच थांबवल्या. घाट एकच होता : आत घुसून पट काढायचा, वर बसायचे आणि ठोसे सुरू करायचे. कोलमनचाच हा वारसा.

पहिला पराभव मे २०२१ मध्ये बी न्गुयेनकडून, तोही पंचांच्या विभागलेल्या निर्णयाने. इथे नियमांचा भाग येतो. कुस्तीत खाली आणण्याचे दोन गुण तिथल्या तिथे पाटीवर लागतात. वनमध्ये पंच फेरीगणिक गुण न देता संपूर्ण लढतीचा एकत्रित विचार करतात, आणि बाद करण्याच्या जवळ कोण गेले, इजा कोणी केली, याला खाली आणण्यापेक्षा अधिक वजन असते. म्हणजे पट काढून नुसते दाबून ठेवणे ही तिथे जमेची बाजू असली, तरी जिंकण्याची हमी नव्हे. त्याच प्रक्षेपणात भारतीय वंशाच्या कॅनेडियन अर्जन भुल्लरने ब्रँडन व्हेराला दुसऱ्या फेरीत थांबवून वनचा हेवीवेट पट्टा जिंकला. भुल्लरही कुस्तीचाच, २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेचा १२० किलो गटातील सुवर्णविजेता. पण तो २०१४ पासून एमएमए खेळत होता आणि त्याने व्हेराला सतावले ते बरेचसे उभ्यानेच, ठोशांनी. रितूला तेव्हा लढतींत उतरून दोन वर्षेही झाली नव्हती. दोघांची तुलना करणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यायला हवा.

तिने स्वतःला सावरले मात्र झपाट्याने. जुलैमध्ये चीनच्या लिन हेचिनला हरवून ती अॅटमवेट ग्रां प्रीत दाखल झाली, सप्टेंबरमध्ये मेंग बो आणि ऑक्टोबरमध्ये जेनेलिन ओल्सिम यांच्यावर तिने एकमताने निर्णय मिळवले आणि ३ डिसेंबर २०२१ रोजी अंतिम लढतीत थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्ससमोर उभी राहिली. स्टॅम्पची ओळख मुय थाय आणि किकबॉक्सिंगची. दोन्हींत तिने वनचे पट्टे जिंकलेले. त्यामुळे उभ्याने स्टॅम्प आणि जमिनीवर रितू, अशी सरळ वाटणी जाणकारांनी करून ठेवली होती. लढत जमिनीवर गेलीही. आणि दुसऱ्या फेरीत, पाठीवर असलेल्या स्टॅम्पने खालूनच रितूचा हात पकडून कोपर उलटे ताणले. हा आर्मबार. लाथाबुक्क्यांच्या खेळातील मुलीने कुस्तीगीराला, कुस्तीगीर वर असताना, जमिनीवर हरवले. सेव्हर्न आणि ग्रेसी यांच्या लढतीला तेव्हा २७ वर्षे होत आली होती. जागा बदलली, माणसे बदलली, डाव तेवढा चुलतभाऊ निघाला.

सप्टेंबर २०२२ मध्ये सिंगापूरच्या टिफनी टिओने पहिल्याच फेरीत, एक मिनिट पूर्ण होण्याआधी, पाठीमागून गळा आवळून रितूला हार मानायला लावली. एकदा वरून हात गमावला, एकदा पाठ देऊन गळा. कुस्तीतून आलेल्या दोन्ही सवयींचे दोन हिशेब एका वर्षाच्या आत चुकते झाले.

त्यानंतर विवाह आणि मातृत्व यांमुळे ती जवळपास अडीच वर्षे बाहेर राहिली. २० फेब्रुवारी २०२५ रोजी कतारमध्ये पुनरागमन झाले ते जपानच्या अयाका मिउरापुढे. मिउरा ज्युदोतून आलेली. मान आणि हात एकत्र जखडून बाजूला बसायचे आणि पायाने हात मोडायला लावायचा, हा तिचा ठेवणीतला डाव सर्वांना माहीत होता. रितूलाही होता. पहिल्याच फेरीत तो लागला. त्या लढतीअखेर तिच्या नावावर ११ लढती होत्या, ७ जिंकलेल्या आणि ४ हरलेल्या. हरलेल्या चारांपैकी तीन सबमिशनने, म्हणजे हात थोपटून हार मानून.

एखाद्याला वाटेल की ही केवळ एकट्या रितूची उणीव. पण महाराष्ट्रातून या वाटेवर गेलेला भारत खंडारे पाहा. कुस्तीचीच बैठक असलेला हा मुंबईकर नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला यूएफसीत उतरला. भारतातून तिथे पोहोचलेला तो पहिला. चीनच्या साँग यादाँगने त्याला पहिल्या फेरीत गिलोटिनने, म्हणजे समोरून काखेत मान धरून, हरवले. डोके पुढे घालून पट काढायला जाणाऱ्याची मान कुठे येते, हे भगूरपासून कोल्हापूरपर्यंत कोणताही वस्ताद डोळे मिटून सांगेल. कुस्तीत त्या मानेला धोका नसतो.